नमाजेने विद्यार्थ्यांचे वर्तन सुधारते का? शाळेने काय करावे आणि काय टाळावे

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. आपण एका मुस्लिम संस्थेच्या माध्यमिक शाळेत उपमुख्याध्यापक आहात. मधल्या सुट्टीतील मारामाऱ्या, शिवीगाळ, टोपणनावांवरून चिडवणे, गृहपाठाबाबत सर्रास खोटे बोलणे आणि शिक्षकांना उलट उत्तरे देणे हे सारे अलीकडे वाढले आहे. त्यावर व्यवस्थापनाने असा उपाय सुचवला आहे की, जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज सर्वांना जमातीने, म्हणजे सामूहिकपणे, सक्तीची करावी, तिची वेगळी हजेरी घ्यावी, त्या हजेरीला गुण द्यावेत आणि गैरवर्तन करणाऱ्याला शिक्षा म्हणून जादा नफल (ऐच्छिक नमाज) पढायला किंवा कुराणातील सूरा (अध्याय) लिहून काढायला लावावे. याने वर्तन खरोखर सुधारेल का, असे आपण विचारले आहे.

नमाज, रोजा, दुआ आणि तिलावत (कुराणपठण) यांचा मुलांच्या वागण्यावर चांगला परिणाम होऊ शकतो, हे मी दीनियात (धर्मशिक्षण) शिकवताना आणि पुढे शाळेच्या शिस्तीची जबाबदारी सांभाळताना जवळून पाहिले आहे. मात्र आपल्या व्यवस्थापनाने सुचवलेल्या गोष्टींपैकी जमातीची नमाज तेवढी उपयोगाची आहे. हजेरी, गुण आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी त्याच परिणामाच्या आड येतात, असे माझे ठाम मत आहे.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. शाळेच्या वेळेत धार्मिक उपासना घेता येते का, ती सक्तीची करता येते का आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते का, हे आपल्याकडील कायद्यावर आणि शाळेला सरकारी अनुदान आहे की नाही यावर ठरते. हा मुद्दा वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरे म्हणजे मुलांचे वय. दहा वर्षांच्या मुलाला जमातीत उभे राहण्याचाच आनंद असतो. पंधरा वर्षांचा मुलगा प्रत्येक नियमामागचे कारण विचारतो आणि ते मिळाले नाही, तर नियम मोडून दाखवतो. तिसरे म्हणजे घर. ज्या घरात नमाज नियमित होते, पण बोलणे कठोर असते, त्या घरातील मुलाची गरज वेगळी, आणि ज्या घरात नमाज क्वचित होते, पण माणसे एकमेकांशी प्रेमाने वागतात, तेथील मुलाची वेगळी.

आता मूळ मुद्द्याकडे येते. व्यवस्थापनाच्या डोक्यात सूरा अल-अनकबूतमधील ४५वी आयत (वचन) असणार, हे उघड आहे: नमाज अश्लील आणि वाईट गोष्टींपासून रोखते. ही आयत मीही मुलांना शिकवते. परंतु त्याच कुराणात सूरा अल-माऊनही आहे. तिच्यात नमाज पढणाऱ्यांपैकीच काहींबद्दल कठोर इशारा आहे. ते आपल्या नमाजेविषयी बेफिकीर असतात, दिखावा करतात आणि नित्य वापराच्या साध्या वस्तूही दुसऱ्याला देत नाहीत. सहीह मुस्लिम या संग्रहातील एका हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदीनुसार, पैगंबरांनी (स.) सहाबांना (सोबत्यांना) विचारले की, दिवाळखोर कोण? मग त्यांनीच सांगितले की, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात (धर्माने ठरवलेले दान) घेऊन येईल, पण ज्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर आळ घेतला असेल, कोणाचा माल खाल्ला असेल किंवा कोणाला मारले असेल, त्याच्या साऱ्या नेकी त्या पीडितांना वाटून दिल्या जातील, तो दिवाळखोर. आपल्या शाळेतील तक्रारींची यादी या हदीसशी ताडून पाहा, ती जवळपास तशीच आहे. तेव्हा नमाज पढणारा मुलगा आपोआप नीट वागू लागेल, असे आश्वासन या परंपरेने दिलेले नाही. नमाजेचा वागण्याशी संबंध जोडून द्यावा लागतो, आणि शाळेत ते काम शिक्षकांचे आहे.

हा संबंध कसा जुळतो, याविषयी एक प्रयोग मला फार उद्बोधक वाटतो. मोरोक्कोतील माराकेश शहरात दुकानदारांवर केलेला हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुकानदारांना काही पैसे स्वतःसाठी घेण्याचा किंवा दानासाठी देण्याचा पर्याय दिला होता. अजान ऐकू येत असताना ते अधिक उदारपणे निवड करत होते. अजान संपून वेळ गेला की हा परिणाम ओसरत होता. हा अभ्यास प्रौढांवरचा आहे, त्यामुळे तो मुलांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरी माझ्या अनुभवाशी तो जुळतो. स्मरणाचा परिणाम स्मरणाच्या आसपास असतो. सकाळी साडेसात वाजता केलेली तिलावत दुपारच्या मैदानावरील भांडण थांबवत नाही.

म्हणून मी पहिला बदल वेळेत करते. मारामाऱ्या कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी होतात, याची नोंद दोन-तीन आठवडे ठेवा. बहुतेक शाळांत त्या मधली सुट्टी, खेळाचा तास आणि घरी जाण्याची वेळ, म्हणजे जेथे गर्दी असते आणि शिक्षक कमी असतात, तेथे होतात. जोहरची नमाज आणि मधली सुट्टी यांचा क्रम बसवता आला, तर नमाजेनंतर मिनिटभराची दुआ आणि त्यात त्या दिवशीची एकच ठोस गोष्ट सांगावी: आज मैदानावर धाकट्या वर्गांना पहिली पंधरा मिनिटे चेंडू द्यायचा आहे. प्रवचन नको. एकच गोष्ट, लगेच करता येण्याजोगी, आणि सुट्टी संपल्यावर ती झाली की नाही हे कोणीतरी विचारणारे हवे.

वुजूची, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याची, जागा हा या सगळ्या कामाचा आरसा आहे. तेथे दहा नळ आणि शंभर मुले असली की काय होते, ते आपण पाहिलेच असेल. मोठी मुले मधे घुसतात, लहान मुलाच्या अंगावर पाणी उडवले जाते, चपला लाथाडल्या जातात, नळ वाहता सोडला जातो, आणि त्यानंतर तीच मुले सफेत, म्हणजे नमाजेच्या रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी राहतात. शिक्षक मात्र आत सफा सरळ करण्यात गुंतलेले असतात. मी एक शिक्षक कायम नळांपाशी ठेवते. पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आसपासच्या पाण्यात वुजू करत, ही हदीस मुलांना सांगितली आणि तेवढ्या मापाचे भांडे समोर ठेवून एका विद्यार्थ्याला सर्वांसमक्ष वुजू करून दाखवायला सांगितले, तर पाणी वाचवण्यावरच्या भाषणाची गरज राहत नाही. धाकट्याला आधी नळ देणे, आपली चप्पल काढताना दुसऱ्याची सरळ करणे, ओला झालेला भाग पुसून घेणे, या गोष्टी नमाजेचाच भाग म्हणून शिकवल्या की मुलांना इबादत (उपासना) आणि वागणूक हे दोन वेगळे विषय वाटत नाहीत. कोणत्याही शाळेत एकाच ठिकाणापासून सुरुवात करायची असेल, तर मी वुजूच्या नळांपासून करेन.

आता सक्ती, हजेरी आणि गुण यांविषयी. वेळापत्रकात नमाजेची वेळ राखून ठेवणे, सर्व शिक्षकांनी स्वतः सफेत उभे राहणे आणि मुलांना प्रेमाने बोलावणे हे सर्व मी करते. पण हजेरीपट आणि गुण आले की मुलाच्या मनात नमाज कोणासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर बदलते. तो शिक्षकांसाठी उभा राहतो. ज्या दिखाव्याविषयी सूरा अल-माऊन बजावते, तोच आपण गुण देऊन शिकवतो. मानसशास्त्रातही याला आधार आहे. १९७३ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात ज्या बालवाडीतील मुलांना चित्रे काढायला आवडत होती, त्यांना चित्रासाठी आधीच बक्षीस कबूल केल्यावर पुढे त्यांचा चित्रातील रस कमी झाला. इबादतीच्या बाबतीत ही जोखीम कोणी का घ्यावी? शिवाय हजेरीने मुले खोटे बोलायला शिकतात. वुजू न करता सफेत उभे राहणे, पोटात दुखत असल्याचे सांगणे, मित्राच्या नावाला हजर म्हणणे हे प्रकार लगेच सुरू होतात, आणि खोटे बोलणे हीच तर आपली एक तक्रार आहे.

शिक्षा म्हणून नफल किंवा सूरा लिहायला लावणे तर पूर्णपणे टाळावे. ज्या गोष्टीवर मुलाचे आयुष्यभर प्रेम बसावे असे आपल्याला वाटते, तिलाच दंडाचे रूप दिले, तर त्याच्या मनात कुराण आणि अपमान यांची गाठ पडते. ती सोडवायला फार वर्षे लागतात आणि कित्येकदा ती सुटतच नाही.

या चर्चेत कोणीतरी ती हदीस पुढे करेलच, ज्यात सात वर्षांच्या मुलाला नमाजेस सांगावे आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारावे असे म्हटले आहे. ती अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. त्यावर माझे म्हणणे असे की, तिचा रोख आईवडिलांकडे आहे, आणि सात ते दहा या तीन वर्षांत नुसते सांगत आणि शिकवत राहायचे आहे, हा तिचा मोठा भाग आपण वाचतच नाही. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, जाणकारांनीही अशा शिक्षेवर कडक मर्यादा घातल्या आहेत, आणि ज्या शिक्षेने उद्देश साधत नाही ती करू नये, असे त्यांच्यापैकी अनेकांनी म्हटले आहे. शाळेत मारणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. इतिहासकार इब्न खलदून यांनी १३७७ मध्ये पूर्ण केलेल्या मुकद्दिमा या ग्रंथात विद्यार्थ्यांवरील कठोरपणावर स्वतंत्र प्रकरण आहे. धाकदपटशात वाढलेले मूल आळशी होते, भीतीपोटी मनात एक आणि ओठांवर एक ठेवते आणि लबाडी हीच त्याची सवय बनते, असे निरीक्षण त्यांनी तेथे नोंदवले आहे. आपल्या व्यवस्थापनात विद्वान मंडळी असतील, तर त्यांच्यासमोर हे प्रकरण जरूर ठेवा.

जमात किती वेळ चालावी, हेही पाहा. पैगंबरांचे सोबती हजरत मुआज (र.) यांनी इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजेत सूरा अल-बकरा ही कुराणातील सर्वांत लांब सूरा सुरू केली, तेव्हा थकून आलेला एक माणूस बाजूला झाला. तक्रार गेल्यावर पैगंबरांनी (स.) नाराजी त्या माणसावर नव्हे, मुआज यांच्यावर व्यक्त केली आणि लहान सूरा पढायला सांगितल्या. मुलांची जमात छोटी असावी.

वर्तन सुधारण्यासाठी इस्लाममध्ये सर्वांत उपयोगाची, आणि शाळांनी सर्वांत कमी वापरलेली, गोष्ट माझ्या मते तौबा आहे. तौबा म्हणजे कान पकडून माफी मागणे असा आपल्या शाळांत समज आहे. प्रत्यक्षात उलेमांनी (धर्मपंडितांनी) तौबेच्या ज्या अटी सांगितल्या आहेत, त्या एखाद्या उत्तम शिस्तपद्धतीसारख्या आहेत: चूक तत्काळ थांबवणे, मनापासून पश्चात्ताप करणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, आणि चूक दुसऱ्या माणसाच्या हक्काशी संबंधित असेल, तर तो हक्क परत करणे किंवा त्या माणसाकडून माफी मिळवणे. ही शेवटची अट फार मोलाची आहे. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, नुसत्या दुआने फिटत नाहीत, हे मुलांना ठाऊक नसते.

प्रत्यक्षात हे कसे करायचे, ते एका उदाहरणाने सांगते. आठवीतील एका मुलाला त्याच्या तोतरेपणावरून वर्गाने एक नाव पाडले होते. हे नाव पुढे रेटणारा मुलगा नमाजेला रोज पहिल्या सफेत असे. मी त्याला एकट्याला बसवून सूरा अल-हुजुरातची ११वी आयत वाचायला दिली. एकमेकांची टर उडवू नका, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका, असे तिच्यात स्पष्ट सांगितले आहे. त्याला ती पाठ होती. अर्थ मात्र त्याने कधी वाचला नव्हता. मग मी त्याला प्रश्न विचारले. या नावामुळे त्या मुलाचे काय काय गेले? त्याने बराच विचार करून सांगितले की, तो आता वर्गात हात वर करत नाही आणि डबाही एकटाच खातो. हे परत कसे देशील? माफी मागतो, असे तो म्हणाला. माफीने हात वर होईल का, असे मी विचारले, तेव्हा तो गप्प झाला. शेवटी त्याने स्वतःच दोन गोष्टी ठरवल्या: ज्या मुलांमध्ये त्याने ते नाव पसरवले होते, त्यांना स्वतः जाऊन थांबवायचे, आणि गटप्रकल्पात त्या मुलाला आपल्या गटात घ्यायचे. पण त्याआधी मी पीडित मुलाला विचारले होते की, त्याला हे चालेल का. गटात घेणे त्याला चालणार होते, समोरासमोर माफी नको होती. तेव्हा माफी चिठ्ठीने गेली. हे काम एका बैठकीत झाले नाही, काही आठवडे मी दोघांकडे विचारपूस करत राहिले. ते नाव बंद झाले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या: हे सर्व खासगीत झाले. मध्ययुगीन धर्मपंडित इमाम गजाली यांनी मुलांच्या तरबियतीविषयी (संस्कारांविषयी) लिहिताना म्हटले आहे की, मुलाकडून एखादे वेळी चूक झाली आणि ती लपवण्याचा तो स्वतः प्रयत्न करत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करावे, त्याचा पडदा फाडू नये. पुन्हा झाली, तर एकांतात समजवावे. जमातीनंतर सर्वांसमोर नाव घेऊन उभे करण्याची पद्धत काही शाळांत आहे, ती या शिकवणुकीच्या अगदी उलट आहे.

रागाच्या बाबतीतही परंपरेत सोपे आणि शरीराने करण्याजोगे उपाय आहेत. राग आल्यास उभा असलेल्याने बसावे आणि तरीही न ओसरल्यास आडवे व्हावे, असे हदीसमध्ये आहे. मारामारीच्या क्षणी मुलाला उपदेश ऐकू येत नाही, पण ‘खाली बस’ हे दोन शब्द ऐकू येतात, आणि शांत असताना त्याचा सराव करून घेतला असेल, तर तो बसतोही. त्यानंतर तोंडावर पाणी मारायला किंवा वुजू करायला पाठवावे. रमजानमध्ये कोणी शिवी दिली, तर ‘मी रोजेदार आहे’ असे म्हणावे, ही हदीस तर मुलांना फारच आवडते, कारण उलट शिवी न देता मान राखून बाजूला होण्याचे शब्द त्यातून त्यांना मिळतात. त्या महिन्यात हे शब्द रुळले, की पुढील महिन्यांसाठी तसेच दुसरे वाक्य मुलांकडूनच ठरवून घ्यावे.

शिक्षकांविषयी मी थोडक्यात लिहिते, पण महत्त्व कमी आहे म्हणून नव्हे. हजरत अनस (र.) लहानपणापासून दहा वर्षे पैगंबरांच्या (स.) सेवेत होते, आणि त्या काळात आपल्याला कधी ‘उफ्’देखील ऐकावे लागले नाही, असे ते सांगतात. ही हदीस शिक्षक-खोलीत वाचली गेली पाहिजे. जो शिक्षक वर्गात मुलांना गाढव म्हणतो, त्याने जमातीत पुढे उभे राहू नये.

आपल्या शाळेत सगळी मुले सारखी नाहीत, हेही व्यवस्थापनाला सांगावे लागेल. मासिक पाळीच्या दिवसांत मुलींना नमाज माफ असते. हजेरीपटामुळे ती खासगी बाब दर महिन्याला वर्गासमोर येते, आणि हजेरी नको म्हणण्याचे हे एकच कारणही पुरेसे आहे. त्या दिवसांत मुलींना कोणीही काही न विचारता बसता येईल अशी जागा असावी. हनफी, शाफई, अहले हदीस आणि शिया अशा वेगवेगळ्या पंथांच्या मुलांच्या नमाजेच्या पद्धतींत फरक असतो. हात कोठे बांधायचे, की सोडायचे, यावरून मुलांनी एकमेकांना टोकले, तर तेथेच नवे भांडण सुरू होते. म्हणून वर्षाच्या आरंभीच हे फरक आदराने समजावून द्यावेत. बिगर-मुस्लिम विद्यार्थी असतील, तर त्यांच्यासाठी त्या वेळात चांगले काम ठेवावे, नुसते बसवून ठेवू नये. धर्मात जबरदस्ती नाही, ही सूरा अल-बकरातील २५६वी आयत आपणच त्यांना शिकवतो आणि ती त्यांना आपल्या वागण्यातून दिसली पाहिजे.

आणखी एक सावधगिरी हवी. काही मुलांच्या गैरवर्तनाचे कारण इमानात (श्रद्धेत) शोधणे अन्यायाचे असते. ज्याला एका जागी बसवत नाही, ज्याला वाचता येत नाही म्हणून तो वर्गात दंगा करतो, ज्याच्या घरी मारहाण होते किंवा जो रात्री पुरेसा झोपत नाही, अशा मुलाला तुझ्यावर शैतान स्वार आहे, असे म्हटले की, मदतीचा मार्ग बंद होतो. त्याच्यासाठी समुपदेशक, डॉक्टर किंवा पालकांची भेट हाच उपाय आहे, दुआ त्याच्या जोडीला असावी. घरातील छळाचा संशय असेल, तर शाळेने कायद्याप्रमाणे कळवायचे आहे. तेथे पडदा राखण्याचा नियम लागू होत नाही.

व्यवस्थापनाला नुसता नकार कळवला, तर आपली बाजू टिकणार नाही, म्हणून बैठकीत पर्याय घेऊन जा. एका सत्रासाठी दोन इयत्ता निवडा. नमाजेला निमंत्रण असेल, हजेरी नसेल. शिक्षक सफेत आणि नळांपाशी असतील. नमाजेनंतर एक मिनिटाची ठोस सूचना असेल. आणि प्रत्येक भांडणानंतर तौबेच्या अटींनुसार भरपाईची बैठक होईल, जी वर्गशिक्षक घेतील आणि जिची नोंद फक्त आपल्याकडे राहील. मोजायचे असेल, तर मैदानावरील मारामाऱ्या, चिडवण्याच्या तक्रारी आणि भरपाई पूर्ण झालेली प्रकरणे मोजा. किती मुले नमाजेला आली, तो आकडा या कागदावर घेऊ नका, कारण एकदा तो आला की व्यवस्थापन त्याच्याकडेच पाहील आणि शिक्षकही तोच वाढवू लागतील. धाकट्या वर्गांतील मुलांनाही सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच प्रश्न विचारा की, मधल्या सुट्टीत त्यांना कोणाची भीती वाटते का. पहिले काही आठवडे तक्रारी वाढल्या, तर घाबरू नका. ऐकून घेणारे कोणी आहे असे कळल्यावर मुले बोलू लागतात. सत्र संपल्यावर या नोंदी व्यवस्थापनापुढे ठेवा, आणि पुढील इयत्तांबाबतचा निर्णय त्यांच्या आधारे घ्यायला सांगा.